मुळांवरच्या गाठी: तुमचे प्रश्न, आमची उत्तरे

पिकाचे मूळ जमिनीतल्या जिवाणूंना आणि बुरशींना कसे ओळखते, कोणाला आत घेते आणि कोणाला बाहेर ठेवते, यावर वाचकांचे प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रे सोयाबीन, हरभरा, भुईमूग आणि ज्वारीबद्दलची आली. या ओळखीचे काम मुळातली प्रथिने करतात. म्हणून प्रश्न खताचा असो की बीजप्रक्रियेचा, उत्तर देताना प्रथिनांपर्यंत जावेच लागले. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम गटातले जिवाणू राहतात आणि हवेतले नत्र स्थिर करून झाडाला देतात. बियाण्याला लावायच्या या जिवाणूंच्या तयार मिश्रणाला संवर्धक म्हणतात.

प्रश्न: सोयाबीनला पेरणीआधी रायझोबियम लावले. 20 व्या दिवशी एकरी एक गोणी युरिया दिला. पीक हिरवेगार आहे, पण 40 व्या दिवशी रोप उपटले तर मुळावर चार-पाचच गाठी दिसल्या. संवर्धक बोगस होते का? (सोयाबीन उत्पादक, लातूर जिल्हा)

संवर्धकावर ठपका ठेवण्याआधी गाठी नीट मोजा. भारी काळ्या जमिनीत रोप उपटले की निम्म्या गाठी मातीतच तुटून राहतात. रोपाभोवती वीतभर अंतर सोडून फावड्याने वीतभर खोल ढेकूळ उचला, बादलीभर पाण्यात अर्धा तास भिजू द्या आणि माती हलक्या हाताने सोडवा. शेताच्या वेगवेगळ्या भागांतली निदान दहा रोपे अशी पाहा.

तरीही गाठी कमीच निघाल्या तर बहुधा कारण युरिया आहे. गाठ बांधायची की नाही, हे झाड ठरवते. सोयाबीनचे मूळ जेनिस्टीन, डेडझीन अशी द्रव्ये मातीत सोडते. सोयाबीनचा जोडीदार असलेल्या ब्रॅडीरायझोबियम जिवाणूतले नॉड-डी हे प्रथिन ती ओळखते आणि मग जिवाणू स्वतःची खूण तयार करतो. तिला नॉड घटक म्हणतात: कायटिनच्या (बुरशीच्या पेशीभिंतीत असणाऱ्या द्रव्याच्या) चार-पाच कड्यांची साखळी आणि तिला मेदाम्लाची शेपटी. मूलरोमाच्या, म्हणजे मुळावरच्या बारीक केसाच्या, पेशीपटलावर ही खूण पकडणारी दोन ग्राहक प्रथिने बसलेली असतात, एनएफआर-1 आणि एनएफआर-5. डेन्मार्कच्या ऑर्हुस विद्यापीठातल्या संशोधकांनी 2003 मध्ये लोटस जापोनिकस या छोट्या शेंगवर्गीय वनस्पतीत ती शोधून काढली. खूण पटली की पेशीच्या केंद्रकात कॅल्शियमचे ठोके पडू लागतात, मूलरोम काठीच्या मुठीसारखा वळतो, जिवाणूला कवेत घेतो आणि आतपर्यंत एक बारीक नळी तयार करतो.

इतके झाल्यावरही झाड हिशेब ठेवते. पहिल्या गाठी आकार घेऊ लागल्या की मूळ छोटे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचे लहान तुकडे, पानांकडे पाठवते. पानातले एनएआरके नावाचे प्रथिन ते वाचते आणि मुळाला उलट निरोप जातो की आता पुरे. मातीत नायट्रेट (युरियातले नत्र मातीत याच रूपात येते) भरपूर असेल तर मूळ तशाच प्रकारचे वेगळे पेप्टाइड बनवते आणि तेही एनएआरकेच वाचते. फरक इतकाच की हा निरोप मुळातल्या मुळात, आणि गाठी लागण्याआधीच दिला जातो. हवेतल्या नत्राचा एक रेणू स्थिर करायला एटीपी या ऊर्जावाहकाचे किमान 16 रेणू खर्ची पडतात, आणि ती ऊर्जा पानांनी बनवलेल्या साखरेतून येते. नत्र आयते मिळत असताना झाड हा खर्च करत नाही.

1985 मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रॅग या सोयाबीन वाणापासून अशी उत्परिवर्तित रोपे मिळाली की नायट्रेट असतानाही त्यांच्या मुळांवर गाठींचे घोस लटकत. पुढे कळले की त्यांच्यात एनएआरके बिघडलेले आहे. गाठी पुष्कळ, पण मुळे खुरटी आणि वाढ मागे. त्यामुळे ‘जितक्या गाठी जास्त तितके पीक चांगले’ असेही समजू नका.

45 किलोच्या युरियाच्या गोणीत जवळजवळ 21 किलो नत्र असते. पेरणीबरोबर नत्र दिले असेल तर त्यावर एवढे आणखी पडले, आणि तेही नेमके गाठी बांधण्याच्या दिवसांत. हिरवेगार दिसणारे ते पीक सध्या तुमच्या युरियावर जगते आहे. शेंगा भरताना नत्राची गरज सर्वाधिक असते. तोपर्यंत युरिया संपलेला असेल आणि गाठीही पुरेशा नसतील. आता आणखी युरिया टाकू नका, बाजूच्या नव्या मुळांवर उशिरा गाठी येऊ शकतात. पुढच्या हंगामात चार ओळी वरच्या युरियाशिवाय सोडा आणि 40 व्या दिवशी दोन्हीकडची रोपे खणून शेजारी शेजारी ठेवा.

प्रश्न: सोयाबीनसाठी आणलेले रायझोबियम उरले आहे. रब्बीत हरभऱ्याला चालेल का? (अकोला)

चालणार नाही. हरभऱ्याचा जोडीदार मेसोरायझोबियम गटातला आहे. प्रत्येक जिवाणूच्या नॉड घटकावर टोकाला वेगवेगळे रासायनिक नक्षीकाम असते आणि हरभऱ्याच्या ग्राहक प्रथिनांचा खळगा त्याच्या स्वतःच्या जोडीदाराच्या खुणेसाठीच बेतलेला असतो. सोयाबीनच्या जिवाणूची खूण तिथे बसतच नाही. तूर, मूग, उडीद, चवळी आणि भुईमूग यांचे मात्र जमते, या पिकांना एकाच गटाचे संवर्धक चालते.

खूण पटली तरी पुढे आणखी पहारे आहेत. सोयाबीनच्या काही वाणांत आर-जे-2 नावाचे प्रथिन असते. ते रोगप्रतिकारक प्रथिनांच्या कुळातले आहे आणि ब्रॅडीरायझोबियमच्या ठरावीक वाणांना ओळखून दारातूनच परत पाठवते. हरभरा, वाटाणा, मसूर, मेथी या पिकांत तर जिवाणू गाठीत पोचल्यावर झाड त्याच्यावर सिस्टीनने समृद्ध अशा छोट्या पेप्टाइडांचा मारा करते. जिवाणू फुगतो, त्याचे विभाजन थांबते आणि तो केवळ नत्र बनवणारा कामगार उरतो. सोयाबीनच्या गाठीतला जिवाणू असा कायमचा बांधला जात नाही, गाठ कुजल्यावर तो पुन्हा मातीत स्वतंत्रपणे जगू शकतो.

सोयाबीन आपल्याकडे बाहेरून आलेले पीक आहे. ज्या रानात ते कधीच घेतलेले नाही, तिथे त्याचा जिवाणू असेलच असे नाही, म्हणून अशा रानात पहिल्या वर्षी संवर्धक चुकवू नका.

प्रश्न: गाठ नखाने फोडली तर आतून कधी गुलाबी, कधी पांढरी, कधी हिरवट निघते. यावरून काय समजायचे? (भुईमूग व सोयाबीन उत्पादक, अहिल्यानगर जिल्हा)

गुलाबी किंवा लालसर रंग लेगहिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचे हे नातेवाईक, त्यातही लोहाचा तोच हीम गट. जपानी शास्त्रज्ञ कुबो यांनी 1939 मध्ये सोयाबीनच्या गाठीतला हा लाल पदार्थ हिमोग्लोबिन असल्याचे दाखवले.

हे प्रथिन एक अवघड पेच सोडवते. नत्र स्थिर करणारे जिवाणूचे नायट्रोजिनेज ऑक्सिजन लागला की निकामी होते. पण लागणारी ऊर्जा मिळवायला जिवाणूला श्वसन करावे लागते, म्हणजे ऑक्सिजन हवाच. लेगहिमोग्लोबिन ऑक्सिजनला घट्ट धरून जिवाणूपर्यंत हातोहात पोचवते आणि मोकळा ऑक्सिजन जवळजवळ शिल्लक ठेवत नाही. 2005 मध्ये लोटसच्या झाडांत हे प्रथिन बनणे मुद्दाम बंद करून पाहिले. गाठी आल्या, जिवाणूही आत होते, पण नत्र स्थिर झाले नाही.

म्हणून गाठींची संख्या मोजून थांबू नका, फोडून पाहा. पेरणीनंतर 35 ते 45 दिवसांत आतून गुलाबी गाठी दिसल्या तर काम चालू आहे. पांढरी गाठ तीन आठवड्यांच्या आतली असेल तर अजून कच्ची आहे. 45 दिवसांनीही पांढरीच असेल तर बहुधा आत शिरलेला जिवाणू त्या पिकाच्या कामाचा नाही. हिरवट रंग म्हणजे हीम मोडू लागले, गाठ म्हातारी झाली. दाणे भरताना हे होणारच. फुलोऱ्यातच दिसले तर पाण्याचा ताण किंवा दाट सावली यांपैकी काय आहे ते पाहा. काळपट आणि मऊ गाठ कुजलेली असते.

रानात पाणी साचले तर गाठीला मातीच्या पोकळ्यांतून मिळणारी हवा बंद होते. दोन-तीन दिवसांत पाने पिवळी पडू लागतात आणि लोक युरिया टाकायला धावतात. तिथे उपाय पाणी काढून देण्याचा आहे. भारी जमिनीत रुंद वरंबा सरीवर, म्हणजे बीबीएफने पेरलेल्या सोयाबीनला हा त्रास बराच कमी होतो.

भुईमुगाचे थोडे वेगळे आहे. त्याच्या मुळांवर मूलरोम जवळजवळ नसतातच. बाजूचे मूळ फुटते तिथली फट हाच जिवाणूचा दरवाजा, म्हणून भुईमुगाच्या गाठी उपमुळांच्या बगलेत बसलेल्या दिसतात. भिंग असेल तर जरूर पाहा. चुनखडीच्या जमिनीत भुईमुगाची कोवळी पाने पिवळी, शिरा हिरव्या आणि गाठी फिक्या असतील तर लोहाची कमतरता समजा. लेगहिमोग्लोबिन आणि नायट्रोजिनेज, दोन्हींना लोह लागते. 10 लिटर पाण्यात आधी 10 ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवा, मग 50 ग्रॅम फेरस सल्फेट घाला आणि लगेच फवारा. द्रावण तांबूस गढूळ झाले तर लोह वाया गेले, ते फवारू नका. आठ-दहा दिवसांनी दुसरी फवारणी घ्या.

प्रश्न: बुरशीनाशक आणि रायझोबियम एकाच दिवशी लावले तर चालते का? क्रम कोणता? (हिंगोली)

आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू. दोन रासायनिक प्रक्रियांनंतर बियाणे सावलीत पूर्ण सुकवा, शक्य असेल तर त्या आदल्या दिवशीच उरका. ताम्रयुक्त बुरशीनाशक लावले असेल तर जिवाणू लावण्यात अर्थ नाही.

पाकिटातले संवर्धक 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम, द्रवरूप असेल तर 100 मिली. पाकिटासाठी लिटरभर पाण्यात 125 ग्रॅम गूळ उकळून पूर्ण थंड करा. कोमट पाण्यात संवर्धक मिसळणे ही नेहमीची चूक, त्यात जिवाणू मरतात. बियाणे ताडपत्रीवर पसरा, गुळाचे पाणी नुसते ओलसर होईल इतकेच शिंपडा (सगळे संपवायचा हट्ट नको), संवर्धक भुरभुरा आणि हलक्या हाताने वरखाली करा. सोयाबीनची साल पातळ असते. चोळले किंवा जास्त भिजवले तर ती सुटते आणि उगवण घटते. सावलीत अर्धा-पाऊण तास सुकवून लगेच पेरा. उन्हात ठेवलेले किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत पडून राहिलेले बियाणे पुन्हा जिवाणू लावूनच पेरावे. पेरणी यंत्रात हे बियाणे आणि खत एकाच पेटीत मिसळू नका, खताच्या क्षारांनी जिवाणू मरतात. कोरड्या मातीतल्या धूळपेरणीतही तेच होते.

एवढी काळजी घ्यायची, कारण मुळाच्या टोकामागचा कोवळ्या मूलरोमांचा छोटा पट्टाच जिवाणूला आत घेऊ शकतो, आणि मूळ वाढते तसा तो पट्टा पुढे सरकतो. जिवाणू पहिल्या दिवसांत तिथे हजर नसला तर मुख्य मुळाच्या वरच्या भागातली संधी हुकते. लावलेले संवर्धक लागू पडले की नाही, हे ओळखायची खूणही यातच आहे. गाठी सोटमुळाच्या वरच्या दोन-तीन इंचांत एकवटल्या असतील तर त्या बहुधा बियाण्यावरच्या जिवाणूंच्या. दूरच्या बारीक मुळांवर विखुरलेल्या असतील तर मातीतल्या.

प्रश्न: ‘मुळांची प्रथिने वाढवणारे’ अमिनो आम्लाचे औषध मिळते. त्याने गाठी वाढतात का? (धाराशिव)

ग्राहक प्रथिने झाड स्वतःच्या पेशीत बनवते आणि ती पेशीपटलात रुतलेली असतात. बाहेरून अमिनो आम्ले ओतून ती वाढवता येत नाहीत. नॉड घटकासारखी संयुगे असलेली बीजप्रक्रियेची उत्पादने बाजारात आहेत. ती वेगळी गोष्ट आहे, आणि तीसुद्धा जिवाणूची जागा घेत नाहीत. खर्च करायचाच असेल तर माती परीक्षणावर करा.

प्रश्न: डीएपी दिलेल्या रानात मायकोरायझा वापरून उपयोग होतो का? आणि आमच्या ज्वारीत टारफुला वाढतो आहे, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का? (नांदेड जिल्हा)

दोन्ही प्रश्न तुम्ही एकत्र विचारलेत हे फार बरे झाले, कारण दोघांचा धागा एकच आहे.

स्फुरद कमी पडला की मुळातली पीएचआर प्रथिने जागी होतात आणि मूळ स्ट्रायगोलॅक्टोन नावाची द्रव्ये मातीत सोडते. ती लागली की मायकोरायझाच्या, म्हणजे मुळात राहून झाडाला स्फुरद पुरवणाऱ्या बुरशीच्या, तंतूंना फांद्या फुटतात आणि त्या मुळाकडे येतात. हे जपानी संशोधकांनी 2005 मध्ये दाखवले. स्फुरद मुबलक असेल तर एसपीएक्स ही प्रथिने पीएचआरला धरून ठेवतात, हाक जातच नाही. डीएपी या स्फुरदयुक्त खताचा भरपूर डोस आणि त्यावर मायकोरायझाचे पाकीट म्हणजे आमंत्रण न देता पाहुण्याची वाट पाहणे. माती परीक्षणात उपलब्ध स्फुरद जास्त आला असेल तर आधी डीएपी कमी करा. मायकोरायझा मुळाशी लागेल असा टाका, वर पसरून काही होत नाही. कोबी, फुलकोबी, मोहरी, मुळा, पालक, बीट या पिकांसाठी ते विकत घेऊच नका, ही पिके या बुरशीशी जोडीच करत नाहीत. कोबी-मोहरीच्या कुळाने तर त्यासाठी लागणाऱ्या प्रथिनांचे जनुकच गमावले आहेत.

आता टारफुला, म्हणजे ज्वारीच्या मुळांवर जगणारे परजीवी तण. त्याचे बी मातीत दहा वर्षांहून अधिक काळ पडून राहते आणि यजमानाच्या मुळाची हाक ऐकल्यावरच उगवते. ती हाक म्हणजे हीच स्ट्रायगोलॅक्टोन. किंबहुना या कुळातले पहिले द्रव्य 1966 मध्ये टारफुल्याचे बी उगवणारे म्हणूनच सापडले, तेही कापसाच्या मुळांतून. झाड बुरशीला बोलावते आणि परजीवी ऐकतो. हलक्या, उपाशी रानात टारफुला माजतो यामागे हेच मोठे कारण आहे.

ज्वारीच्या काही वाणांत एलजीएस-1 हे प्रथिन नसते. त्यामुळे मुळातून येणाऱ्या स्ट्रायगोलॅक्टोनचा प्रकार बदलतो आणि टारफुल्याचे बी फारसे उगवत नाही. हे 2017 मध्ये स्पष्ट झाले. तुमच्या रानात करण्यासारखे असे: टारफुला फुलावर येण्याआधी उपटा, कारण एकेक झाड हजारो बिया टाकते. नत्र आणि स्फुरद माती परीक्षणाप्रमाणे पुरेसे द्या. आणि दोन-तीन वर्षे कापसाचा फेर घ्या. कापसाच्या मुळांनी टारफुल्याचे बी उगवते, पण त्याला तिथे चिकटता येत नाही आणि ते मरते.

प्रश्न: गहू-ज्वारीला गाठी आणता येतील का? (कृषी पदविका विद्यार्थी, कोल्हापूर)

आज शेतात नाही, पण ही आशा पोकळ नाही. तृणधान्यांत कायटिन ओळखणारी ग्राहक प्रथिने आहेतच. भातातले सीईआरके-1 हे प्रथिन रोगकारक बुरशीविरुद्ध इशाराही देते आणि मायकोरायझाला आत घ्यायलाही मदत करते. शत्रू आणि मित्र दोघांच्या अंगावर कायटिनचीच जात, त्यामुळे ओळख नाजूक असते. ऑर्हुसच्या गटाने 2025 मध्ये दाखवले की लोटसच्या अशाच संरक्षक प्रथिनात केवळ दोन अमिनो आम्ले बदलली तर ते हल्ल्याऐवजी सहजीवनाचा इशारा देऊ लागते. सातूच्या (बार्लीच्या) प्रथिनातही तसाच बदल लागू पडला. याचा अर्थ सातूला गाठी आल्या असा मात्र नाही. गाठीचा अवयव, त्यातले लेगहिमोग्लोबिन, साखरेचा पुरवठा, हे सगळे अजून उभे करायचे आहे. कोणी गव्हाच्या गाठीचे संवर्धक विकत असेल तर घेऊ नका.

प्रश्न: कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मुलांना मायकोरायझा दाखवायचा आहे. महागडे रंग नाहीत. (शिक्षिका, सातारा)

फाउंटन पेनची शाई आणि पांढरे व्हिनेगर पुरते. सहा ते आठ आठवड्यांच्या ज्वारीची किंवा कांद्याची सर्वांत बारीक मुळे घ्या, धुवा आणि सेंटिमीटरभर तुकडे करा. 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण बनवा: साधारण 90 मिली पाण्यात 10 ग्रॅम गोळ्या थोड्या थोड्या टाका आणि शेवटी 100 मिली करा. पाणी गोळ्यांवर ओतू नका, उसळते. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि हे द्रावण शिक्षकांनीच हाताळावे. उकळत्या पाण्यात परीक्षानळी धरून त्यात तुकडे 10 मिनिटे ठेवा. पारदर्शक झाले की चार वेळा पाण्याने धुवा. मग 95 मिली व्हिनेगरमध्ये 5 मिली शाई घालून त्यात तीन मिनिटे उकळा. शेवटी काही थेंब व्हिनेगर टाकलेल्या पाण्यात 20 मिनिटे ठेवा, जादा रंग निघून जातो.

100 पट मोठे करून पाहिले की मुळाच्या पेशींमधून जाणारे निळे-काळे तंतू दिसतात, 400 पटीत एकेका पेशीत झुडपासारखी फुटलेली शाखिका. तिच्याभोवतीच्या पटलावरच भाताचे पीटी-11 सारखे स्फुरदवाहक प्रथिन बसलेले असते. ते नसेल तर झाड शाखिकेला लवकर मोडून टाकते.

सगळे मूळ एकसारखे काळे दिसले तर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये कमी वेळ ठेवले. तुकडे लगदा झाले तर जास्त. काहीच रंगले नाही तर बहुधा धुणे अपुरे राहिले, उरलेल्या अल्कलीने व्हिनेगर मारले. दुसरा ब्रँड वापरून पाहायलाही हरकत नाही, प्रत्येक शाई सारखी धरत नाही.

शक्य असेल तर पेरतानाच दोन कुंड्या करा. दोन्हींत बांधावरची न खणलेली माती, एकीत किलोमागे दोन ग्रॅम डीएपी, दुसरीत काही नाही. दोन्हींतले शंभर-शंभर तुकडे मुलांकडून मोजून घ्या, किती तुकड्यांत शाखिका आहेत ते फळ्यावर लिहा, आणि आकडे आम्हालाही कळवा.